खुर्ची एक, होडी एक

सुनीती भिवंडीच्या त्या फार्मसी कॉलेजात ऑरगॅनिक केमिस्ट्री शिकवायला लागली, तेव्हा तिला एक गोष्ट कोणी सांगितली नव्हती. कॉलेज दुसऱ्या मजल्यावर होतं आणि तळमजल्यावर कापडाचे बेचाळीस लूम चालत. सकाळी आठला खालून खटाखट सुरू झाली की फळा थरथरायचा आणि खडूने काढलेल्या षटकोनाची एक तरी बाजू वाकडी यायची. तिच्या आधीचे सर म्हणे दीड वर्ष नुसत्या हातवाऱ्यांनी शिकवत होते. सुनीतीने पहिल्या महिन्यात ओरडून शिकवलं, दुसऱ्या महिन्यात तिचा घसा बसला आणि तिसऱ्या महिन्यात तिला कळलं की पुढच्या दोन बाकांपलीकडे काहीच पोचत नव्हतं.

शुक्रवारी मात्र लूमना सुट्टी असे. त्या दिवशी तास मिळावा म्हणून सगळे शिक्षक प्राचार्यांच्या मागे लागत. सुनीती सगळ्यांत नवीन, पण तिच्या विषयाचा निकाल सगळ्यांत वाईट, म्हणून शुक्रवार तिला मिळाला. मागच्या वर्षी अठ्ठावन्नपैकी एकवीस पास झाले होते. तिने तो आकडा घरी सांगितला नव्हता.

नापासांत काल्हेरचा पंढरी होता. दोनदा बसला, दोनदा याच विषयात गेला. मोठा गोरागोमटा, बावीस वर्षांचा, शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसायचा. बाकीचे विषय त्याने पहिल्या फटक्यात काढले होते. औषधांची नावं, डोस, कायदा, सगळं पाठ. पण कार्बनची साखळी वळून तिचं कडं झालं की पंढरी अडलाच. नॅफ्थालिनमध्ये कार्बन किती, तर बारा. सहाची एक रिंग, सहाची दुसरी, सहा दुणे बारा. सुनीतीने किमान दहा वेळा सांगितलं असेल की दहा. तो मान डोलवायचा आणि पेपरात पुन्हा बारा लिहायचा.

"वहीत दहा लिहिलंयस ना?" तिने एकदा विचारलं.

"लिहिलंय मॅडम. पण ते दोन गेले कुठे, ते कळत नाही."

अठ्ठ्याऐंशी सालच्या मार्चअखेरीस फार्मसी परिषदेचं पत्र आलं. एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी इन्स्पेक्टर येणार होते. मान्यता पुढे चालू ठेवायची की नाही हे ते ठरवणार. प्राचार्य अवधूत सरांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं आणि सोबत आलेली यादी मोठ्याने वाचली. तराजू किती, बर्नर किती, पुस्तकं किती. चौदाव्या क्रमांकाला त्यांचा आवाज खाली गेला.

"चक्रीय आणि जोडचक्रीय हायड्रोकार्बनच्या प्रतिकृती, एक संच. आहे का आपल्याकडे?"

"नाही सर," सुनीती म्हणाली.

"पण मागच्या वर्षीच्या अहवालात मी 'आहे' लिहिलंय." सर चष्मा पुसू लागले. "मुंबईहून मागवला तर?"

"दोन महिने लागतील."

"मग करून घ्या. लाकडी असल्या तरी चालतील. असायला पाहिजेत."

अवधूत सर वाईट माणूस नव्हते. कॉलेज त्यांनी रिकाम्या गाळ्यातून उभं केलं होतं आणि जे अजून नाही ते कागदावर आधी उभं करायची त्यांना सवय लागली होती.

सुनीतीने वर्गात विचारलं, ओळखीचा सुतार कोणाचा आहे. शेवटच्या बाकावरून पंढरीचा हात वर आला. त्याचे काका, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, काल्हेरला खाडीकाठी होड्या बांधत. रेतीच्या मोठ्या बोटी दुरुस्त करत, लहान होड्या स्वतः घडवत. "काका काहीपण करतो मॅडम. फक्त कागदावर लिहून द्या, तोंडी सांगितलेलं तो मानत नाही."

तिने लूम सुरू असतानाच टेबलावर कागद ठेवून यादी केली. सायक्लोप्रोपेन, त्रिकोण. नॅफ्थालिन, दोन षटकोन एकमेकांना चिकटून. अँथ्रासिन, तीन षटकोन एका ओळीत. फिनँथ्रिन, तीन षटकोन, तिसरा वळलेला. प्रत्येकाचं चित्र काढलं, कोपऱ्याकोपऱ्यावर सुपारीपेक्षा मोठा गोटा दाखवला. राहिलं सायक्लोहेक्झेन. त्याचे सहा कार्बन सपाट बसत नाहीत. एक टोक वर आणि समोरचं खाली गेलं तर आकार आरामखुर्चीसारखा दिसतो, दोन्ही टोकं वर आली तर होडीसारखा. पुस्तकांत त्यांना खुर्ची रूप आणि होडी रूप म्हणतात. हे चित्र काढायला शांत हात लागतो. तिने तीनदा काढलं, तिन्ही वेळा खालच्या लूमनी ते हलवलं. शेवटी तिने खोडून टाकलं आणि लिहिलं: 'सायक्लोहेक्झेन — खुर्ची १, होडी १. बाकी पंढरीला माहीत आहे.'

पंढरीला काही माहीत नव्हतं. तो तास झाला तेव्हा लूम चालू होते. पण मॅडमने आपल्या नावाने कागदावर असं लिहिलेलं त्याने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं होतं. ते खोटं आहे हे सांगायची त्याला लाज वाटली. कागद काकाच्या हातात देऊन तो दिघाशीला मामेबहिणीच्या हळदीला गेला, तो चार दिवसांनी परत आला.

इन्स्पेक्शनच्या आदल्या आठवड्यात, शुक्रवारच्या तासाला, सुनीतीने नेहमीप्रमाणे विचारलं, "नॅफ्थालिनमध्ये कार्बन किती?"

"दहा," पंढरी म्हणाला.

तो पहिल्या बाकावर बसला होता. वर्ग वळून त्याच्याकडे बघू लागला.

"अँथ्रासिनमध्ये?"

"चौदा."

"फिनँथ्रिन?"

"चौदाच. खांब तेवढेच. फक्त तिसरं घर कोपऱ्यावर वळवलंय."

सुनीतीने खडू खाली ठेवला. "कुठलं घर?"

पंढरीने उभं राहून सांगितलं ते असं. त्याचे वडील केसरीनाथ आणि काका भाऊ, दोघांची घरं चिकटून. मधली भिंत एकच. ती कोणाची यावरून सहा वर्षं भिवंडीच्या कोर्टात तारखा चालू होत्या आणि सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. पंढरी मात्र दोन्ही घरांत जेवत असे. दिघाशीहून परत आल्यावर तो काकाच्या पडवीत गेला, तर भाऊ नॅफ्थालिन जोडत बसले होते. त्यांनी गोटे मोजायला सांगितले. पंढरीने बारा मोजून दिले. भाऊंनी दोन परत केले.

"काका म्हणाला, ही दोन घरं, मधली भिंत सामायिक. सामायिक भिंतीचे दोन खांब दोघांचे, ते परत कशाला मोजतोस? मी म्हटलं, काका, कोर्टात तर तू म्हणतोस भिंत माझी एकट्याची. तर म्हणाला, कोर्टाचं कोर्टात. लाकडात खोटं चालत नाही."

वर्ग हसला. सुनीतीही हसली, पण आत कुठेतरी तिला टोचलंही. दोन वर्षं तिने जे घसा फोडून सांगितलं, ते एका सुताराने दोन गोटे परत करून सांगितलं होतं. तास संपल्यावर ती पंढरीला दारात गाठून म्हणाली, "बाकीच्यांचं काय? खुर्ची, होडी?"

"खुर्ची झाली. होडीला डांबर द्यायचं राहिलंय. काका विचारत होता, द्यायचं ना?"

सुनीतीच्या डोळ्यांसमोर प्रतिकृतींचे छोटे गोटे होते. प्रतिकृतींत कार्बन काळा दाखवायची रीत आहे. ती म्हणाली, "हो, काळंच हवं. डांबर, ऑइलपेंट, काहीही चालेल."

"खुर्चीला पण?"

"खुर्चीला तर आधी."

पंढरीच्या कपाळावर एक आठी आली. पण मॅडमचं म्हणणं आपल्याला कळत नाही याची त्याला सवय होती. तो बरं म्हणाला आणि गेला.

सोमवारी इन्स्पेक्टर अकराला यायचे होते. सुनीती नऊपासून ऑफिसात बसून रजिस्टरं भरत होती. साडेनऊला खाली टेम्पो थांबल्याचा आवाज आला, मग जिन्यावर पोरांची धावपळ, मग "डोकं खाली, मागनं उचला, मागनं" असा एक अनोळखी भारदस्त आवाज. आणि त्यामागोमाग डांबराचा वास. तिला वाटलं रस्त्याचं काम निघालं असेल.

दहा वाजता ती लॅबमध्ये गेली. दोन टेबलांच्या मध्ये, जिथे एरवी पोरं उभी राहून टायट्रेशन करत, तिथे एक होडी होती. चांगली पाच हात लांब, काळी कुळकुळीत, आत बसायला आडवी फळी, बाजूला वल्हं. दाराजवळ एक खुर्ची होती, सागवानी, हातांची, पाठीला बाक असलेली. तीही काळी कुळकुळीत. होडीच्या शेजारी डोक्याला टॉवेल गुंडाळलेला साठीचा माणूस पोरांना वल्हं कसं धरतात ते दाखवत होता.

"हे काय आहे?" सुनीतीने विचारलं. तिचा आवाज लूमच्या आवाजातही पोचला.

"तुमीच का त्या मास्तरीनबाय?" भाऊंनी टॉवेल सोडून खांद्यावर टाकला. "ही होडी. ही खुर्ची. बाकीची कडी त्या टेबलावर ठेवल्यान. कागदात लिवलंय तसंच केलंय."

त्यांनी बंडीच्या खिशातून घडी घातलेला कागद काढून तिच्यापुढे धरला. तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: खुर्ची १, होडी १.

"वैनी मला इचारत व्हती, औषधाच्या कॉलेजाला होडी कशाला," भाऊ पुढे म्हणाले. वैनी म्हणजे पंढरीची आई जानकीबाई. "मी बोल्लो, खाडीपलीकडं झाडपाला आनायला जात असतील. आन खुर्ची सायबाला. बसायचं त्याला डांबर कोन देतंय, पन पंढऱ्या बोल्ला मॅडमनी दोनदा सांगितलंय."

सुनीतीने पंढरीकडे पाहिलं. पंढरीने छताकडे पाहिलं.

तिला रडू येतंय की हसू, हे ठरायच्या आत अवधूत सर दारात आले. त्यांनी होडी पाहिली.  मग म्हणाले, "खाली न्या. आत्ताच्या आत्ता. टेम्पो गेला असेल तर मागच्या बोळात ठेवा. अजून तासभर आहे."

सहा पोरांनी होडी उचलली. भाऊ पुढे झाले. जिना अरुंद, होडी सरळच उतरवावी लागली, नाक खाली आणि शेपूट वर. पहिल्या वळणावर ती थांबली. खालून पांढरा शर्ट, पांढरी पँट आणि हातात चामडी बॅग घेतलेले एक गृहस्थ एकेक पायरी चढत वर येत होते. इन्स्पेक्टर साहेब तासभर आधी आले होते. तेच त्यांचं काम असावं.

होडीला वळायला जागा नव्हती. साहेबांना बाजूला व्हायला जागा नव्हती. भाऊंनी क्षणभर दोघांचा अंदाज घेतला आणि होडीवाल्याला जे योग्य वाटतं ते केलं. "मागं घ्या," ते म्हणाले. होडी शेपटीकडून जिना चढू लागली आणि तिच्यामागोमाग, तिच्या नाकापासून हातभर अंतर ठेवून, परिषदेचे इन्स्पेक्टर. 

लॅबच्या दाराशी पोचले तेव्हा साहेबांना दम लागला होता. अंजूर फाट्यापासून रिक्षाने त्यांचे गुडघे खिळखिळे केले होते, वर दोन जिने. त्यांना दाराजवळ खुर्ची दिसली. अवधूत सरांनी "साहेब" एवढंच म्हटलं आणि साहेब बसले.

एप्रिलची सकाळ, पत्र्याची शेजारची शेड तापलेली. शनिवारी दिलेलं डांबर वरून सुकलं होतं, आतून नव्हतं. खुर्चीतून चिकट आवाज आला. तो जवळ उभ्या असलेल्या सगळ्यांनी लूमच्या खटाखटीतही ऐकला.

साहेबांनी रुमालाने मान पुसली, बॅगेतून यादी काढली. तराजू, बर्नर, पुस्तकं विचारली. खुणा केल्या. मग चौदाव्या क्रमांकावर आले.

"प्रतिकृती. कुठे आहेत?"

सुनीती काही बोलणार तोच पंढरी म्हणाला, "साहेब, तुम्ही बसलाय तीच."

साहेबांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "मी कशावर बसलोय?"

"सायक्लोहेक्झेन. खुर्ची."

"आणि ती होडी?"

"तेच, होडी."

साहेब उठायला गेले. खुर्ची त्यांच्यासोबत वीतभर उठली. ते पुन्हा बसले. त्यांनी दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर टेकवून पाहिले आणि लगेच उचलले. तळवे काळे झाले होते.

"साहेब, एक मिनिट, मी आलोच," म्हणत अवधूत सर त्यांच्या मदतीला धावले. मध्ये होडी होती. वळसा घालायला वेळ नव्हता म्हणून त्यांनी सरळ होडीत पाय टाकला. जमिनीवर ठेवलेली गोल बुडाची होडी पाय पडेल त्या बाजूला कलते. ती डावीकडे गेली, सर उजवीकडे झुकले, मग ती उजवीकडे आली. सर आडव्या फळीवर बसले आणि टेबलाची कड धरून तिथेच थांबले. होडी मात्र थांबली नाही, ती बराच वेळ डुलत राहिली.

 सुनीतीला वाटलं, आता संपलं. नोकरी, मान्यता, सगळं. आणि त्याच वेळी तिला दिसलं की साहेबांच्या मिशीखाली काहीतरी हलतंय.

"असं," साहेब पंढरीला म्हणाले. "मला तसंही उठता येत नाही. तर सांग. दोन्हींतलं कोणतं रूप स्थिर?"

"खुर्ची," पंढरी म्हणाला.

"कशावरून?"

पंढरीने एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा होडीत धरून बसलेल्या प्राचार्यांकडे. "दिसतंय ना साहेब."

"कारण सांग."

 हा प्रश्न त्याला दोन परीक्षांत आला होता आणि दोन्ही वेळा त्याने जागा कोरी सोडली होती.

'दोन हायड्रोजन समोरासमोर' ही ओळ पंढरीने या वेळी वहीतून पाठ केली होती; तिचा अर्थ त्याला आत्ता, डुलती होडी बघून लागला. तो होडीजवळ गेला. "होडीची दोन्ही टोकं वर. टोकांवरचे दोन हायड्रोजन समोरासमोर येतात, तोंडाला तोंड. आमचे वडील आणि काका असे बसवले तर होडी शांत राहील का? खुर्चीत एक टोक वर, एक खाली. कोणी कोणाच्या समोर नाही. सगळे निवांत. म्हणून सायक्लोहेक्झेन जास्त वेळ खुर्चीतच असतं."

"वडील आणि काका काय करतात?"

"कोर्टात जातात साहेब."

दाराशी उभे असलेले भाऊ खाकरले.

साहेबांनी मग टेबलावरची कडी मागवली. भाऊंचं काम देखणं होतं. गोटे सारखे, काड्या घट्ट, डांबराचा एकही ओघळ नाही. साहेबांनी फिनँथ्रिन उलटसुलट करून पाहिलं आणि पंढरीला विचारलं, हे शरीरात कुठे सापडतं. पंढरी म्हणाला, याच्या मूळ आकाराला पाच कोनांचं एक कडं आणखी जोडलं की कोलेस्टेरॉलचा सांगाडा होतो, पित्ताचा होतो, पाळणा लांबवायच्या गोळीचाही होतो. शेवटच्याला मुली खाली बघू लागल्या. साहेबांनी लिहून घेतलं. सायक्लोप्रोपेनचा त्रिकोण हातात घेऊन ते म्हणाले, "हे कडं ताणलेलं असतं. पटकन तुटतं."

"न्हाय तुटत," दारातून भाऊ म्हणाले.

साहेबांनी मान वळवली.

"तीन कोनांचं काय तुटत न्हाय सायेब. चौकोन हलतो, तिकोन हलत न्हाय. होडीचा सांगाडा मी तिकोनावरच बांधतो. पायाखाली घालून बघा."

"हे कार्बनचं आहे," साहेब म्हणाले. "कार्बनला आपले हात एकमेकांपासून लांब ठेवायला आवडतात. इथे ते जवळ ओढून बांधलेत. म्हणून तो सुटायला बघतो."

भाऊंनी विचार केला. "मंग तो सुतार न्हाय," ते म्हणाले. एवढं बोलून त्यांनी विषय सोडला.

साहेबांना सोडवायचं काम भाऊंनीच केलं. टेम्पोतून घासलेटची बाटली मागवली, फडकं भिजवलं आणि होडीच्या बुडाला हात लावावा तितक्या सफाईने पँटच्या कडेकडेने फिरवलं. अर्ध्या तासाने साहेब उभे राहिले. पँटवर दोन काळे अर्धगोल राहिले होते. साहेबांनी ते पाहिले नाहीत आणि कोणी दाखवलेही नाहीत. अवधूत सर तोपर्यंत होडीतून उतरले होते, पण टेबलाची कड त्यांनी सोडली नव्हती.

पंधरा दिवसांनी अहवाल आला. मान्यता एक वर्षासाठी. चौदाव्या क्रमांकासमोर लिहिलं होतं: 'प्रतिकृती आहेत. आकार आवश्यकतेपेक्षा मोठा. खुर्ची स्थिर आढळली. होडी मार्गिकेतून त्वरित हलवावी. विद्यार्थ्यांची तयारी समाधानकारक.' अवधूत सरांनी शेवटचं वाक्य दोनदा वाचून दाखवलं आणि होडीचं एकदाही नाही.

त्या रविवारी सुनीती काल्हेरला गेली. भाऊंना काय झालं ते नीट सांगणं आपलं काम आहे, असं तिला वाटत होतं. एसटी नाक्यावर सोडून गेली. दोन्ही बाजूंना नवी गोदामं उभी राहत होती आणि त्यांच्यामधून खाडीकडे जाणारी जुनी वाट होती. जानकीबाईंनी तिला केसरीनाथांच्या ओटीवर बसवून चहा दिला, मग शेजारच्या दाराशी नेऊन सोडलं आणि स्वतः उंबऱ्याबाहेर थांबल्या. "मी आत येत न्हाय," त्या म्हणाल्या. "ह्यांना आवडत न्हाय. मी पडवीतून ऐकते."

सुनीतीने भाऊंना सगळं सांगितलं. होडी म्हणजे होडी नव्हती, खुर्ची म्हणजे खुर्ची नव्हती. चूक तिची होती, तिने चित्र काढायला पाहिजे होतं.

 भाऊंना वाईट वाटलं होतं ते स्पष्ट दिसत होतं. "मंग तसं सांगायचं," ते म्हणाले. "पाच दिवस घालवलं मी त्या होडीला."

"होडी तुमच्याकडेच परत येईल."

"येऊ दे. ती कामाची हाय." त्यांनी कोपऱ्यातून एक टोपली ओढली. जाळ्याला बांधायची बुचं होती, जुनी, गोल, लाकडी. "ह्यातनं कशी दिसती दाखवा. तुमची ती खुर्ची."

सुनीतीने सहा बुचं घेतली. भाऊंनी बांबूच्या काड्या तासून दिल्या. पहिल्यांदा कडं सपाट झालं. ती म्हणाली, काडीकाडीत कोन थोडा कमी करायला हवा. भाऊंनी डोळा बारीक करून पाहिलं, भोकं तिरकी पाडली, काड्या पुन्हा बसवल्या. कडं आपोआप मुरडलं. एक टोक वर, एक खाली. सुनीतीने दोन वर्षं जे फळ्यावर काढायचा प्रयत्न केला होता ते तिच्या तळहातावर उभं होतं, डुगडुगत नव्हतं. तिने ते उजेडाकडे धरून सगळ्या बाजूंनी पाहिलं.

"ही खुर्ची झाली," ती म्हणाली. "आता बघा." तिने खालचं टोक बोटाने वर ढकललं. काड्या भोकांत फिरल्या, कडं मुडपलं आणि दोन्ही टोकं वर आली. "ही होडी."

भाऊंनी ते तिच्या हातातून घेतलं. टोक खाली केलं, खुर्ची. वर केलं, होडी. चार-पाच वेळा केलं.

"म्हंजे ही एकच वस्तू हाय?"

"एकच. सारखी इकडून तिकडे होत असते. एका सेकंदात लाखो वेळा."

भाऊंनी कडं टोपलीवर ठेवलं. "मंग दोन कशाला करायला सांगितल्या?"

बाहेरून, पडवीतून, जानकीबाईंच्या हसण्याचा आवाज आला. आणि त्यांच्याही पलीकडून, भिंतीपल्याडच्या घरातून, एका पुरुषाचा. तो ऐकून भाऊंचा चेहरा क्षणभर कडक झाला. मग ते सुनीतीसाठी बुचांचं नॅफ्थालिन करायला बसले.

निकाल जुलैत लागला. वर्गातल्या चौसष्टपैकी एकेचाळीस पास झाले. पंढरीला ऑरगॅनिकमध्ये शंभरात त्रेपन्न मिळाले. तो पेढे घेऊन आला तेव्हा लूम चालू होते, म्हणून त्याने काहीतरी सांगितलं ते सुनीतीला ऐकू आलं नाही. तिने कानाला हात लावला. त्याने दहा बोटं दाखवली, मग चौदाचा आकडा हवेत काढला, आणि पेढ्यांचा पुडा तिच्या टेबलावर ठेवून खाली गेला.